महेंद्रच्या तीन नव्व्या

महेंद्र खरातच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातात काय पत्ते आहेत हे ओळखणारा माणूस उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत अजून जन्माला यायचा होता. महेंद्र चार नंबर कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. राहायला शेजारी अंबरनाथला, बुवापाड्यात. उंचीनं बेताचा, अंगानं सडपातळ, आणि कापडाचा रंग लागून लागून दोन्ही हातांची बोटं कायमची निळी. साबण लावा, रॉकेल लावा, निळं ते निळंच.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कारखान्याचे शेठ मशिनी बंद ठेवायचे. कटिंगच्या लांबलचक टेबलावर चादर पसरली जायची आणि शेठपासून धागे कापणाऱ्या बायांपर्यंत सगळे तीन पत्तीला बसायचे. शेठ सिंधी. त्या दिवशी पत्त्यांना हात लावला नाही तर वर्ष सुनं जातं असं त्यांच्या घरात मानायचे. महेंद्रच्या घरी असलं काही मानत नसत, पण शेठनं बोलावल्यावर तो बसायचा, आणि बसला की जिंकायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. पत्ता वाईट आला की जरा ऐटीत बसायचं आणि चांगला आला की तोंड पाडायचं. एका दिवाळीला त्याच्याकडे तीन राण्या आल्या. तीन पत्तीत एकाच नंबरचे तीन पत्ते म्हणजे ट्रेल, म्हणजे डावच आपला. दुसरा कुणी असता तर टेबलावर नाचला असता. महेंद्रनं कान खाजवला, सुस्कारा सोडला, "बघू आता," असं पुटपुटला आणि सगळ्यात लहान चाल केली. शेठना वाटलं, मास्तर मेला. त्यांनी चाल वाढवली. महेंद्र पडलेल्या तोंडानं मागे मागे जात राहिला. शेवटी त्यानं घडी घातलेला रुमाल ठेवावा तशा तीन राण्या चादरीवर ठेवल्या, तेव्हा शेठनी कपाळाला हात लावला आणि बाया एवढ्या ओरडल्या की खालचा पानवाला वर आला.

आता हे पत्त्यांपुरतं असतं तर ठीक होतं. पण या माणसानं सगळं आयुष्यच तीन पत्तीसारखं चालवलं होतं. दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा घरी तोंडातून अक्षर काढलं नाही. आईला, भिमाबाईला, ते शेजारणीकडून कळलं. कारखान्यात मास्तर झाला ते तिला भाजीवालीनं सांगितलं. "माझा पोरगा माझ्यापेक्षा भाजीवालीला जास्त ओळखतो," असं भिमाबाई सगळ्या गल्लीत सांगायची. चांगलं काही हातात आलं की ते झाकायचं, हे महेंद्रच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याला स्वतःलाही ते कळत नसे.

आणि त्याच्या हातात त्या वर्षांत सगळ्यांत मोलाचं असं जे काही होतं, ती प्रीती होती.

प्रीती बुवापाड्यातलीच, धोंडिबाकाकांची मुलगी. चार नंबरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची. सकाळी दोघंही एकाच स्टँडवरून शेअर रिक्षानं निघायचे. महेंद्र स्टँडवर आधी येऊन थांबायचा. रिक्षा भरत आली की चपलेचा अंगठा नीट करायचा, सुट्ट्या पैशांची चौकशी करायचा, कुणा म्हाताऱ्याला "तुम्ही बसा बाबा" म्हणायचा आणि रिक्षा सोडून द्यायचा. मग प्रीती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर यायची आणि दोघं पुढच्या रिक्षात बसायचे. ती मागे कडेला, तो पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर, एक मांडी बाहेर लोंबकळत. असं तीन वर्षं चाललं होतं. लॅबचे कागद फारच झेरॉक्स करावे लागतात बुवा, एवढंच महेंद्रच्या मनात यायचं.

बोलणं म्हणाल तर "आज गर्दी आहे", "उद्या लाइट जाणार म्हणे", इतकंच. पण महेंद्रकडे एक हुकमाचा पत्ता होता. गल्लीतल्या झाडून सगळ्या मुली त्याला महेंद्रदादा म्हणायच्या. प्रीती म्हणत नसे. तीन वर्षांत एकदाही नाही. ती त्याला कशानंच हाक मारत नसे. "ऐका ना," म्हणायची, किंवा नुसतीच पर्स वाजवायची. एकदा जयंतीच्या मिरवणुकीत सरबत वाटताना तिनं सगळ्या पोरांना "घे रे दादा, घे रे दादा" करत ग्लास दिले आणि महेंद्रपाशी आल्यावर नुसता ग्लास दिला. तो ग्लास घेऊन महेंद्र कोपऱ्यात गेला आणि त्यानं दिवाळीतल्यासारखं तोंड पाडलं. आतून तो इतका खूश होता की सरबत प्यायचं राहून गेलं.

आपला हात मजबूत आहे, आता घाई करायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. मग तो थांबला तो थांबूनच राहिला.

अशात त्याला हशूभाई भेटला. कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी हशूभाईचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या खोपट्यांत कॉम्प्युटर, वर पंखा, आणि दारात गल्ल्यावर स्वतः हशूभाई. त्याच्या पोटाच्या मापाची जीन्स अख्ख्या बाजारात मिळत नसे. ती महेंद्र कापून द्यायचा, आणि त्या बदल्यात रविवारची सकाळ महेंद्रला कॉम्प्युटर फुकट. एका रविवारी हशूभाईनं त्याला पोकर दाखवलं. परदेशातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच टेबलावर पत्ते खेळतात हे पाहून महेंद्र खुर्चीतच पुढे सरकला. कुणालाही फुकट बसता येईल अशी एक स्पर्धा असायची, तीत त्यानं चार डॉलर मिळवले. घरातला एक पैसाही यात घालायचा नाही आणि हे चार गेले की खेळ संपला, असा त्यानं स्वतःशी करार केला आणि तो सगळ्यात खालच्या, एकदोन सेंटच्या टेबलावर जाऊन बसला.

इकडे भिमाबाई विहारात सांगत होती, "महेंद्र दर रविवारी कॉम्प्युटर शिकायला जातो. वंदनेला येत नाही, पण शिकतोय हो पोरगा."

पोरगा हरायला शिकत होता. खेळ समजायला अवघड नव्हता. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते. मध्ये टेबलावर सगळ्यांसाठी मिळून आधी तीन पत्ते उघडायचे, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन आणि टेबलावरचे पाच यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा हात भारी, तो जिंकला. दर वेळी पत्ते उघडले की बोली लावायची, नाहीतर "चेक" म्हणून गप्प बसायचं. महेंद्रला चांगले हात यायचे. नेमका ट्रेल यायचा. मग तो दिवाळीसारखा कान खाजवायचा, समोर नॉर्वेतला माणूस बसलाय आणि त्याला आपला कान दिसत नाही हे विसरून सुस्कारा सोडायचा, आणि "चेक"चं बटण दाबायचा. पुढच्या पत्त्याला पुन्हा "चेक". आणि शेवटच्या पत्त्यावर समोरच्याचे एकाच रंगाचे पाच पत्ते जुळायचे आणि ट्रेल मातीत जायचा.

हा समोरचा म्हणजे बहुतेक वेळा "लकीलार्स". रविवारी सकाळी हा ठरलेला. महेंद्रच्या डोळ्यांसमोर त्याचं चित्र पक्कं होतं: बाहेर गुडघाभर बर्फ, आत शेकोटी, डोक्यावर लोकरीची टोपी आणि समोर तळलेल्या माशांची ताटली. दोन बदाम दिसले की हा माणूस तिसऱ्या-चौथ्याच्या मागे धावत सुटायचा, आणि महेंद्र त्याला खुशाल धावू द्यायचा.

"अडे मास्टर," हशूभाई एकदा मागे उभा राहून म्हणाला, "तू इसको रोज फुकट में रिक्षा में बिठाता है. भाडा कौन लेगा?"

"हशूभाई, आपला हात भारी होता ना? मग कशाला दाखवायचा? तो पळून गेला असता."

"तो जाने दे ना! तीन पत्ती में जो आया सो आया, साईं. तीन पत्ते बंद, खेळ पक्का. तुझी ट्रेल रात तक ट्रेल. इधर टेबल कच्चा है. अभी दो पत्ते गिरने के बाकी हैं. आत्ता तू राजा, अगले पत्ते पे कोई भी राजा. जब टेबल ऐसा कच्चा हो और तेरा हात मजबूत हो, तब चूप नहीं बैठने का. बोली लगा, जोर से लगा. उसको पत्ता देखना है तो पैसा देके देखे."

"पण मग त्याला कळेल की माझ्याकडे आहे."

"कळू दे! शरम आती है क्या?" हशूभाईनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. "और एक बात. तू हमेशा अपने पत्ते देखता है. टेबल देख."

महेंद्रला सगळं पटलं. पटलेलं त्यानं वर्षभर केलं नाही. हातात ट्रेल आला की बोट आपोआप "चेक"वर जायचं, आणि माउसवर निळा डाग तेवढा वाढायचा. चार डॉलर कधी सहा व्हायचे, कधी दोन. लार्सची मात्र चंगळ होती.

अशा एका शनिवारी संध्याकाळी भिमाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या धोंडिबाभाऊजींकडे पाहुणे येणारेत. बदलापूरचे, हेंद्रेपाड्यातले. प्रीतीला बघायला."

महेंद्रनं हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"पोरगा बँकेत आहे," भिमाबाईनं भाकरी उलटली. "आकाश नाव. स्वतःचा फ्लॅट आहे. दुपारी जेवायलाच येणारेत. भाऊजी म्हणत होते, जुळलं तर उद्याच शब्द देऊन टाकतो."

"बरं," महेंद्र म्हणाला आणि त्यानं पाणी प्यायलं.

भिमाबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिनं पुन्हा पिठात हात घातला.

रविवारी सकाळी महेंद्र घरात बसू शकला नाही. गल्लीत धोंडिबाकाकांच्या दारात पाणी मारलेलं होतं, आतून फोडणीचा वास येत होता. त्यानं ठेवणीतला पांढरा शर्ट घातला, का घातला ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि रिक्षा पकडून तो चार नंबरला आला. हशूभाई नुकता झाडू मारून उदबत्ती लावत होता.

"आज व्हाइट शर्ट? शादी है क्या किसी की?" त्यानं विचारलं.

"होईल," महेंद्र म्हणाला आणि खोपट्यात शिरला.

त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ही भीती म्हणावी की राग हे त्याला ठरवता येत नव्हतं. राग होताच, पण तो बँकेतल्या आकाशवर नव्हता. त्या बिचाऱ्यानं याचं काय घोडं मारलं होतं? राग स्वतःवर होता. तीन वर्षं अर्ध्या सीटवर लोंबकळत गेलास लेका, आणि एकदा मागे वळून बोलला नाहीस.

समोर लकीलार्स बसलेला होताच. थोड्या वेळानं महेंद्रच्या हातात दोन नव्व्या आल्या, एक इस्पिक, एक चौकट. बाकीच्यांनी पत्ते टाकले, लार्स राहिला. टेबलावर तीन पत्ते उघडले: बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची दुर्री.

तीन नव्व्या. ट्रेल. महेंद्रचा हात कानाकडे गेला. सुस्कारा आला. बोट "चेक"वर गेलं.

आणि तिथंच थांबलं, कारण वर्षभरात पहिल्यांदा त्यानं आपल्या पत्त्यांवरची नजर काढून टेबलाकडे पाहिलं. दोन बदाम. नव्वीला लागून अठ्ठी. आणखी एक बदाम पडला तर कुणाचा तरी रंग जुळेल. दश्शी पडली, सत्ती पडली तर कुणाची तरी ओळीनं पाच पत्त्यांची रांग लागेल. पडायचे आहेत अजून दोन पत्ते. हातातल्या तीन नव्व्या छान होत्या, पण छान होत्या त्या आत्ता, या घडीला.

बुवापाड्यात फोडणी पडलेली होती. हेंद्रेपाड्यात कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घालत होतं. ती आपल्याला दादा म्हणत नाही हे खरं, महेंद्रच्या मनात आलं, पण ते आज दुपारपर्यंतच खरं आहे.

त्यानं "चेक"वरून बोट उचललं आणि बोली लावली. चांगली जाडजूड लावली. लार्सनंही तेवढेच भरले, म्हणजे तो आला. पुढचा पत्ता उघडला: चौकटची तिर्री. कुणाच्याच कामाची नाही. महेंद्रनं आता कान खाजवला नाही. त्यानं होतं नव्हतं ते सगळं मध्ये ढकललं. पडद्यावर लार्सच्या नावापाशी विचार करायची पट्टी सरकू लागली. येऊ की नको, येऊ की नको.

महेंद्र खुर्ची सरकवून उभा राहिला.

"अडे किधर?" हशूभाई ओरडला. "शेवटचा पत्ता तो देख!"

"माझं काम झालं, हशूभाई. पत्ता तुम्ही बघा."

"वो आएगा कि नहीं आएगा वो तो देख!"

"ते त्याच्या हातात," महेंद्र म्हणाला आणि पायरीवरून उडी मारून रस्त्यावर आला. शेअर रिक्षा भरायला वेळ लागत होता. तो चारही सीटचं भाडं देतो म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात मागे, मधोमध, ऐसपैस बसला.

विहारात वंदना संपत आली होती. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, सगळे पांढऱ्या कपड्यांत. महेंद्र दारात चपला काढून मागच्या रांगेत बसला तेव्हा भिमाबाईनं त्याला पाहिलं आणि तिचे हात जोडलेलेच राहिले. कॉम्प्युटरचा क्लास बुडवून पोरगा वंदनेला आला हे तिला खरंच वाटेना. प्रीती आईशेजारी बसलेली होती. पुढच्या रांगेत धोंडिबाकाका, ताठ पाठीचे, दर थोड्या वेळानं घड्याळ बघणारे.

वंदना झाली की सेक्रेटरी कोंडाजी उठून विचारायचे, कुणाला काही सांगायचं आहे का. ही त्या विहाराची जुनी रीत. मग कुणी नातवाच्या वाढदिवसाचं जेवण सांगायचं, कुणी नळाच्या पाण्याची तक्रार करायचं, कुणी जयंतीच्या वर्गणीचं बोलायचं. महेंद्र लहानपणापासून इथं यायचा आणि त्या वेळेला त्यानं कधी घसासुद्धा खाकरला नव्हता.

"कुणाला काही सांगायचं?" कोंडाजींनी विचारलं.

"मला," महेंद्र म्हणाला.

सगळ्या माना वळल्या. महेंद्र उभा राहिला. निळी बोटं कुठं ठेवावीत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं ती पाठीमागे धरली. मग त्याला वाटलं, हेही लपवणंच झालं, आणि त्यानं हात पुन्हा पुढे आणले.

"धोंडिबाकाका," तो म्हणाला, "मला प्रीतीशी लग्न करायचंय. आजचं नाही हे, तीन वर्षांपासूनचं आहे. खरं तर आईनं येऊन तुमच्याकडे शब्द टाकायचा, पण मी आईलाही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. चूक माझी. प्रीतीची ना असेल तर मी खाली बसतो आणि पाहुण्यांना वाढायलाही येतो. पण पाहुणे दारात यायच्या आत हे तुमच्या कानावर असावं म्हणून धावत आलो."

 मग भिमाबाईचा आवाज फुटला.

"अरे मेल्या! हे मला आता सगळ्यांबरोबर कळायचं होय? या वेळी भाजीवालीला तरी सांगितलंस का?"

बायांच्या बाजूला हशा पिकला आणि तो पुरुषांच्या बाजूला पोचायला फार वेळ लागला नाही. हसले नाहीत ते फक्त धोंडिबाकाका. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि मुलीकडे पाहिलं.

"प्रीती? तुला काय म्हणायचंय?"

प्रीती उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती रागावली आहे की रडणार आहे हे महेंद्रला कळेना. 

"पप्पा," ती म्हणाली, "लॅबमध्ये झेरॉक्सचं मशीन आहे. आमचं स्वतःचं."

"मग?"

"मग मी रोज सकाळी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काय करते? तीन वर्षं मी कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढतेय. हा रिक्षा सोडताना दिसला की बाहेर यायचं, म्हणून. तो दुकानवाला मला वेडी समजतो." एवढं बोलून ती महेंद्रकडे वळली, आणि आता मात्र ती खरोखरच रागावली होती. "आणि तू! अर्ध्या सीटवर बसून ड्रायव्हरशी पावसापाण्याच्या गप्पा मारतोस! एकदा मागं वळून बघता येत नव्हतं तुला?"

तिनं त्याला 'तू' म्हटलं होतं.  दिवाळीत अख्खं टेबल चकवणाऱ्या या माणसाला तीन वर्षं समोरच्या दुकानातला हात ओळखता आला नव्हता. दोघांकडेही भारी पत्ते, आणि दोघंही आपली "चेक चेक" करत बसलेली. त्याला एकदम लार्सबद्दल जिव्हाळा वाटला. तो तरी बिचारा येतो तर खरा.

धोंडिबाकाकांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "कोऱ्या कागदाच्या?" त्यांनी हळूच विचारलं, आणि मग त्यांच्या ताठ पाठीचा ताठपणा गेला आणि तेही हसू लागले. कोंडाजी जयंतीच्या मीटिंगा चालवून चालवून तयार झालेले. त्यांनी हात वर केला. "मग हा विषय सर्वानुमते मंजूर समजायचा का?"

"साधु! साधु! साधु!" अख्खा विहार एका सुरात म्हणाला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज भिमाबाईचा होता आणि तिचे डोळे पदरात होते.

हेंद्रेपाड्याला लगेच फोन गेला. पाहुणे निघायच्या तयारीत होते. आकाशचे वडील समजूतदार निघाले. ते म्हणाले, आधी सांगितलंत ते बरं केलंत. आमच्याही चिरंजीवांचं सकाळपासून तोंड पडलेलं आहे, तेव्हा आता त्यालाच समोर बसवून विचारतो. पुढे कळलं की त्याचंही कुठंतरी जुळलेलं होतंच. धोंडिबाकाकांच्या घरी पाहुण्यांसाठी केलेलं जेवण मग महेंद्र आणि भिमाबाई जेवले. महेंद्रनं त्या दिवशी इतक्या पुऱ्या खाल्ल्या की प्रीतीनं वाढताना हात आखडता घेतला.

लग्न त्याच विहारात झालं. शेठ आले, धागे कापणाऱ्या बाया आल्या, झेरॉक्सवाला आला आणि प्रीतीला बघून खजील झाला. हशूभाई महेंद्रनंच कापलेली जीन्स घालून, मिठाईचा मोठा खोका घेऊन आला. गडबडीत त्या रविवारचं विचारायचं राहूनच गेलं होतं. महेंद्र त्याच्या कानाशी वाकला.

"हशूभाई, त्या दिवशी लार्स आला का हो?"

"आया ना. वो नहीं आएगा तो कौन आएगा?"

"आणि शेवटचा पत्ता?"

हशूभाईनं एक क्षण आढेवेढे घेतले. लग्नाच्या दिवशी सांगावं की नाही, असा त्याला प्रश्न पडलेला दिसला. मग त्यानं हात पसरले. "बदाम का राजा. उसका रंग हो गया. तेरा सब गया, साईं. एक सेंट भी नहीं बचा." आणि घाईघाईनं पुढे म्हणाला, "लेकिन खेला तू एकदम सही!"

महेंद्र हसायला लागला. आधी गालात, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याला असं हसताना बुवापाड्यानं कधी पाहिलं नव्हतं. शेठ जागचे उठून बघायला आले. वाढणारे थांबले. भिमाबाई घाबरून पाणी घेऊन धावली.

"काय झालं?" प्रीतीनं विचारलं. "एवढं काय मिळालं?"

"हरलो," महेंद्र म्हणाला, "सगळं हरलो," आणि पुन्हा हसत सुटला.

शेठनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. एवढ्या दिवाळ्यांत हा चेहरा त्यांना पहिल्यांदाच वाचता येत होता.